हेल्मेटच्या आत काच काळी का होत नाही

चांदणी चौक सोडला की ताम्हिणीचा रस्ता भूगाव, पिरंगुट, पौड करत वळणावळणांनी पश्चिमेलाच सरकत राहतो. तालुक्याचे गाव पौड मागे पडले की माले येते आणि मालेच्या पुढे मुळशीचा जलाशय. माले आणि आसपासच्या वाड्यांमधली पुष्कळ माणसे पिरंगुटच्या कारखान्यांत कामाला जातात, तीही बहुतेक दुचाकीवर. सकाळी जाताना त्यांचे तोंड पूर्वेला, संध्याकाळी परतताना पश्चिमेला. सूर्य दोन्ही वेळा समोर. त्याच कारखान्यांत पुण्याहून येणाऱ्यांचे नेमके उलटे: दोन्ही वेळा ऊन पाठीवर. रस्ता तोच, पाळी तीच, पण डोळ्यांवरचा ताण सारखा नाही. मार्चमध्ये आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सूर्य जवळजवळ थेट पूर्वेला उगवतो आणि थेट पश्चिमेला मावळतो, तेव्हा मालेकरांचे हाल सर्वांत जास्त. त्यातही ऑक्टोबर वाईट. पावसाने हवा धुऊन निघालेली असते, ऊन लख्ख पडते, आणि पावसाळ्यात पडलेले खड्डे अजून बुजलेले नसतात.

अशा माणसाने साधा काळा गॉगल घेतला तर संध्याकाळी साडेपाचला तो उपयोगी पडतो, पण घर गाठेपर्यंत अंधारून येते आणि तोच गॉगल काढून खिशात कोंबावा लागतो. नंबरचा चष्मा असेल तर तेवढीही सोय नाही, कारण गॉगल घालायचा कशावर हाच प्रश्न. मग चष्म्याच्या दुकानात हमखास एक उपाय सुचवला जातो: उन्हात काळी आणि सावलीत पांढरी होणारी काच. कुणी तिला डे-नाईट म्हणतात, कुणी फोटोक्रोमॅटिक, जुनी माणसे फोटोसन. एकाच चष्म्यात दिवस आणि रात्र, दोन्ही भागतात. कल्पना फार चांगली आहे आणि काच बनवणाऱ्यांनी तिच्यावर साठ वर्षे खरोखर मेहनत घेतली आहे. तरीही दुचाकीस्वाराने ती डोळे मिटून घेऊ नये, कारण या काचेला नेमके काय दिसते आणि काय दिसत नाही, हे दुकानात सहसा कुणी सांगत नाही.

ही काच उजेड मोजत नाही. ती अतिनील किरण मोजते. या प्रकरणातले पुढचे जवळजवळ सगळे या एका गोष्टीतून निघते.

अमेरिकेतल्या कॉर्निंग या काचेच्या कंपनीत विल्यम आर्मिस्टेड आणि डोनाल्ड स्टूकी या दोघांनी पहिली अशी काच तयार केली आणि 1964 साली तिच्याबद्दल शोधनिबंध प्रसिद्ध केला. वितळलेल्या काचेत चांदीच्या क्षाराचे अतिसूक्ष्म स्फटिक आणि त्यांच्याबरोबर किंचित तांबे. फोटोच्या फिल्मवर असतो तसलाच हा क्षार. प्रकाश पडला की चांदी सुटी होऊन काच काळवंडते. फिल्ममध्ये हा बदल कायमचा असतो. इथे मात्र सुटे झालेले कण काचेतच अडकून पडतात, आणि प्रकाश कमी झाला की तांब्याच्या मदतीने पुन्हा पूर्ववत जुळतात. चष्मा हजारो वेळा काळा-पांढरा झाला तरी चांदी संपत नाही. गेल्या पिढीतल्या शिक्षकांच्या, वकिलांच्या नाकावर जे जड, सावलीतही थोडे करडेच राहणारे चष्मे असत, त्यातले बरेचसे या जातीचे.

प्लॅस्टिकच्या भिंगात चांदीचे स्फटिक चालत नाहीत. तिथे सेंद्रिय रंगद्रव्ये लागली, आणि ती चष्म्याच्या आयुष्याइतकी टिकवणे फार कठीण गेले. पीपीजी आणि फ्रान्सची एसिलॉर या दोन कंपन्यांनी मिळून 1990 साली ट्रान्झिशन्स ही कंपनी काढली आणि पुढच्या वर्षी तिची काच बाजारात आली. आज दुकानात मिळणारी बहुतेक काच याच घराण्यातली, मग नाव कोणतेही असो. तिच्यात नॅफ्थोपायरान गटातली रंगद्रव्ये असतात. त्यांचा रेणू एरवी घडी घालून बसलेला असतो आणि दिसणाऱ्या प्रकाशाच्या वाटेत येत नाही. अतिनील किरण पडला की रेणूतला एक बंध तुटतो आणि मिटलेली छत्री उघडावी तसा रेणू पसरून सपाट होतो. असा पसरलेला रेणू दिसणारा प्रकाश शोषू लागतो आणि आपल्याला काच काळी झालेली दिसते. मिटवण्याचे काम मुख्यतः उष्णता करते. किरण येणे थांबले की आजूबाजूच्या उष्णतेने रेणू एकेक करून मिटत जातात. उघडणे झटपट, मिटणे सावकाश. आणि मिटवणारी उष्णता असल्यामुळे उन्हाळ्यात आणि थंडीत काच वेगळी वागते. या दोन्ही स्वभावांकडे पुढे येऊच.

आता हेल्मेटकडे. हेल्मेटची समोरची काच, म्हणजे वायझर, पॉलिकार्बोनेटची असते. पॉलिकार्बोनेट चिवट आहे, दगड बसला तरी सहसा फुटत नाही, आणि अतिनील किरण ते जवळजवळ सगळे आपल्यातच शोषून घेते. डोळ्यांच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट. पण वायझर खाली ओढून आत डे-नाईट चष्मा घातला की त्या चष्म्याला काळे व्हायला काही कारणच उरत नाही. बाहेर भर दुपार असली तरी त्याच्या हिशेबी आत अंधारच. चारचाकीच्या समोरच्या काचेआडही हेच होते. ती दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा थर घालून केलेली असते आणि तो थर अतिनील किरण अडवतो. गाडी चालवताना डे-नाईट चष्मा पांढराच कसा राहतो, हे पुष्कळांनी अनुभवलेले असते. हेल्मेटचे मात्र लक्षात येत नाही.

याची परीक्षा दोन मिनिटांत होते आणि तिला पैसे लागत नाहीत. मालेच्या रस्त्याकडेला चहाला थांबलात की सकाळी दहानंतरच्या उन्हात चष्मा पांढऱ्या कागदावर किंवा रुमालावर उपडा ठेवा. त्याच्या एका भिंगावर हेल्मेटचा वायझर येईल असे हेल्मेट धरा, दुसरे भिंग उघड्या उन्हात राहू द्या. हाताची सावली दोन्हींवर पडू देऊ नका. मिनिटभर थांबून हेल्मेट बाजूला घ्या आणि लगेच बघा. उघडे भिंग गडद करडे झालेले असेल, वायझरखालचे फार तर धुरकट. कधी वायझरची कड भिंगाच्या मधूनच गेलेली असते, मग एकाच काचेवर काळ्या-पांढऱ्याची सरळ रेघ उमटलेली दिसते, आणि बघता बघता ती पुसत जाते. वायझर वेगवेगळे असतात, सगळे सारखेच अडवत नाहीत, म्हणून ही परीक्षा आपल्याच हेल्मेटने करावी. दुकानदार जांभळ्या उजेडाची छोटी बॅटरी काचेवर मारून काळा ठिपका पाडून दाखवतो. तो खोटेपणा नसतो, काच अस्सल असल्याचे त्यातून कळते. तुमच्या हेल्मेटच्या आत ती काय करेल, ते मात्र त्या बॅटरीला ठाऊक नाही.

यावर कंपन्यांनी उपाय काढले आहेत. काही काचा अतिनीलबरोबर दिसणाऱ्या प्रकाशातल्या जांभळ्या टोकालाही थोडा प्रतिसाद देतात; ट्रान्झिशन्सची एक्स्ट्रॅक्टिव्ह ही त्यांतली एक. वायझरमागे ती साध्या काचेपेक्षा जास्त गडद होते, उघड्या उन्हात होते तितकी नाही, आणि या जास्तीच्या संवेदनेची किंमत म्हणून सावलीतही तिच्यात थोडा रंग शिल्लक राहतो. दुसरा उपाय जास्त सरळ आहे: रंग बदलणारे द्रव्य चष्म्यात न घालता वायझरमध्येच घालायचे. बेल आणि शोई या हेल्मेट कंपन्यांनी असे वायझर विकले आहेत. ऊन थेट वायझरवर पडते, त्यामुळे तो चोख काम करतो. पण त्यांची किंमत अशी की तेवढ्यात चांगले आयएसआय हेल्मेट येऊन वर पैसे उरतात, आणि वायझर ही ओरखडे पडून बदलावी लागणारी वस्तू आहे. रोज कारखान्याला जाणाऱ्या माणसाला मी हा खर्च सुचवणार नाही.

मालेहून निघणाऱ्याची खरी अडचण कोवळ्या आणि उतरत्या उन्हाची आहे. तिथे डे-नाईट काच वायझर वर करूनही कमीच पडते. सूर्य क्षितिजापासून दहा अंशांवर असतो तेव्हा त्याच्या किरणांना डोक्यावरच्या सूर्याच्या मानाने साडेपाच पट हवा ओलांडून यावे लागते. एवढ्या वाटेत अतिनील किरण दिसणाऱ्या प्रकाशापेक्षा कितीतरी जास्त गळून जातात. म्हणजे डोळे दिपवणारा पिवळा झोत भरपूर आणि काचेला हलवणारे किरण थोडे. भर दुपारी, सूर्य डोक्यावर असताना आणि डोळ्यांत थेट येत नसताना, काच छान काळी होते. संध्याकाळी सहाला, समोरून येणारा टेम्पो दिसेनासा होतो तेव्हा, ती अर्धवटच काळी असते.

समोरच्या सूर्याला काचेपेक्षा आडोसा बरा. जुन्या हेल्मेटांना पुढे टोपीसारखे छप्पर असे, ऑफ-रोड हेल्मेटांना आजही असते. मान किंचित खाली केली की सूर्य त्या छपराआड जातो आणि रस्ता दिसत राहतो. साध्या हेल्मेटवर वायझरच्या सर्वांत वरच्या कडेला आडवी काळी चिकटपट्टी लावली तरी हेच साधते. नजर सरळ रस्त्यावर असताना पट्टी आड येता कामा नये आणि मान दोन बोटे झुकवली की सूर्य झाकला जावा, इतकीच तिची रुंदी. गाडीवर बसल्या जागी, नेहमी बसता तसे बसून, ती ठरवावी. हेल्मेट नवे घ्यायचे असेल तर आत काळी दुय्यम काच असलेले बघावे. डाव्या कडेची किंवा डोक्यावरची खिट्टी सरकवली की ती काच डोळ्यांपुढे उतरते, पुन्हा सरकवली की वर जाते. तिला ना अतिनील किरण लागतात, ना वाट बघावी लागते. झाडीच्या बोगद्यात शिरताना एक बोट पुरते. मालेसारख्या गावातून रोज निघणाऱ्या, बंद हेल्मेट घालणाऱ्या माणसासाठी रंग बदलणाऱ्या चष्म्यापेक्षा ही खिट्टी सरस आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. नंबर असेल तर आत साधा पांढरा नंबरचा चष्मा. फक्त हेल्मेट विकत घेताना चष्मा घालूनच ती काच खाली ओढून बघावी. कित्येक हेल्मेटांत ती चष्म्याच्या फ्रेमवर आपटते.

मालेच्या पुढे, रविवारी ताम्हिणीकडे निघालेल्यांचा रस्ता वेगळा आहे. काही अंतर जलाशय सोबतीला असतो. ज्या धरणाविरुद्ध 1921 साली सेनापती बापटांच्या पुढारपणाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला, त्याच धरणाचे हे पाणी. उन्हे तिरपी झाली की ते आरशासारखी तिरीप मारते. मग घाटाची झाडी सुरू होते. उघड्यावर दुपारी एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो, गच्च झाडीखाली तो काही हजारांवर किंवा त्याच्याही खाली येतो, आणि वळणावर पुन्हा ऊन. डोळ्याची बाहुली असल्या बदलाला सेकंदा-दोन सेकंदांत सरावू लागते. काच तसे करू शकत नाही. काळी व्हायला तिला अर्धे ते एक मिनिट लागते, अर्धी फिकी व्हायला दोन-तीन मिनिटे, नीट पांढरी व्हायला त्याहून बरीच जास्त. ताशी चाळीसने गाडी दोन मिनिटांत 1300 मीटर जाते. तेवढ्यात सावलीचा पट्टा येऊन गेलेला असतो, आणि त्या पट्ट्यातला शेवाळलेला डांबर, उलट्या बाजूने वळण कापत आलेली गाडी, रस्त्यावर बसलेली म्हैस हे सगळे तुम्ही काळ्या काचेतून पाहिलेले असते.

म्हणून किती फिकी होते याच्याइतकेच, किती गडद होते हेही विचारावे. चष्म्याच्या काचांचे गडदपणानुसार शून्य ते चार असे वर्ग असतात आणि चांगल्या चष्म्याच्या काडीवर किंवा पुस्तिकेत तो आकडा छापलेला असतो. शून्य वर्गातून 80 टक्के किंवा त्याहून जास्त उजेड आत येतो. एक म्हणजे 43 ते 80, दोन म्हणजे 18 ते 43, तीन म्हणजे 8 ते 18 टक्के. चौथा वर्ग बर्फाळ डोंगरांसाठी. त्यातून 8 टक्क्यांहून कमी उजेड येतो आणि तो घालून वाहन चालवणे निषिद्ध आहे. रंग बदलणाऱ्या काचेवर 0–3 किंवा 1–3 अशी जोडी असते. उघड्या माळावर, सोलापूर किंवा अहिल्यानगरच्या रस्त्यांवर, तिसऱ्या वर्गापर्यंत जाणारी काच सुखाची. घाटात दुसऱ्या वर्गावर थांबणारी घ्यावी. ऊन थोडे जास्त लागेल, पण सावलीत शिरताना आंधळे झाल्यासारखे वाटणार नाही. आणि जिची फिकी बाजू एक वर्गाची आहे, ती अंधार पडल्यावर घालूच नये. 75 टक्क्यांहून कमी उजेड सोडणारी काच संध्याकाळनंतर वाहन चालवायला योग्य मानली जात नाही.

हंगामाचा हिशेब याहून चमत्कारिक आहे. रेणू मिटवणारी उष्णता असते, हे वर आलेच. मे महिन्यात, पिरंगुटच्या रस्त्यावर चाळीस अंशांचे ऊन असते तेव्हा रेणू उघडतात आणि लगेच मिटूही लागतात. सगळ्यांत जास्त ऊन, आणि काच नेहमीपेक्षा फिकी. म्हणूनच तिची मोजणी 23 अंशांना होते तशी 35 आणि 5 अंशांनाही केली जाते. पुस्तिकेत 35 अंशांचा आकडा दिला असेल तर आपण तोच वाचावा, कारण आपला उन्हाळा तोच आहे. डिसेंबरच्या सकाळी उलटे. गारठ्यात काच जास्त गडद होते आणि पांढरी व्हायला कितीतरी जास्त वेळ घेते.

सर्वांत फसवे दिवस पावसाळ्याचे. ताम्हिणी हे महाराष्ट्रातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक. जुलै 2024 मध्ये तिथे एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला. आभाळ भरून आले की आपल्याला अंधारल्यासारखे वाटते, पण अतिनील किरणांचा बराच भाग ढगांतूनही खाली येतो. शिवाय हवा गार असते. वायझरवर वाफ धरते म्हणून लोक तो वर करून चालवतात, आणि चष्मा उघड्यावर येतो. आता काचेच्या बाजूने बघा: किरण आहेत, गारवा आहे, ती निमूट काळी होते. माणसाला मात्र धुक्यात समोरच्या गाडीचा मागचा लाल दिवाही जेमतेम दिसत असतो. जून ते सप्टेंबर या रस्त्यावर डे-नाईट चष्मा घरी ठेवावा आणि पांढरा चष्मा घालावा, यात मला कुठलीही पळवाट दिसत नाही. वाफेसाठी वायझरच्या आतून बसणारी दुहेरी पापुद्र्याची पट्टी मिळते. दोन थरांमधल्या कोरड्या हवेमुळे आतला थर गार पडत नाही आणि त्यावर श्वासाची वाफ बसत नाही. पावसाळ्यात पैसे खर्चायचे तर तिच्यावर.

रात्रीचा हिशेब गुणाकाराने करावा लागतो. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के उजेड परततो, म्हणजे कोणताही लेप नसलेले कोरे भिंगसुद्धा 92 टक्केच उजेड आत सोडते. वायझरचे पॉलिकार्बोनेट नव्वदच्या आसपास. डे-नाईट काच पूर्ण फिकी असताना 85 धरली तर दोन्ही मिळून 76 टक्के. वायझर जुना, चरे पडलेला, धुळीने घासलेला असला तर त्याहून खाली. पौडनंतर रस्त्यावर दिवे विरळ होतात. समोरचा डिपर देत नाही आणि त्याच्या पांढऱ्याफेक एलईडीचा झोत प्रत्येक ओरखड्यावर फुटून तुमच्या डोळ्यांपुढे जाळे विणतो. असे होऊ लागले की लोक नवा चष्मा शोधू लागतात. आधी वायझर बदला. तो चष्म्याच्या मानाने स्वस्त आहे, आणि रात्रीच्या नजरेत त्याने पडणारा फरक कुठल्याही काचेपेक्षा मोठा असतो. चष्मा नंबरचा असेल तर त्यावर परावर्तन रोखणारा लेप मात्र जरूर घ्यावा. परतणारा तो उजेड त्याने आत येतो.

रात्रीसाठी पिवळी काच हा एक समज फार पसरला आहे. रस्त्याकडेला, पेट्रोल पंपावर, नाईट व्हिजन म्हणून ती विकली जाते. बोस्टनच्या शेपेन्स नेत्रसंशोधन संस्थेतल्या संशोधकांनी वाहन चालवण्याच्या सिम्युलेटरवर तिची तपासणी करून 2019 साली निष्कर्ष मांडले. समोरून दिव्यांचा झोत असताना पादचारी ओळखायला पिवळ्या काचेची काहीही मदत होत नव्हती. व्हायचे कसे? ती उजेड कमीच करते. पिवळ्या रंगाने सगळे उजळ झाल्याचा भास होतो, इतकेच. रात्री दिव्यांभोवती कडी दिसत असतील, झोत पसरत असेल आणि वय पन्नाशीच्या पुढचे असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन मोतीबिंदू आहे का ते बघून घ्यावे. तो चष्म्याच्या दुकानात सुटणारा प्रश्न नाही.

पोलराइज्ड काचेबद्दल मात्र मन दोन्हीकडे ओढते. पाण्यावरून, ओल्या डांबरावरून, गाडीच्या बॉनेटवरून परतणाऱ्या उजेडाची लहर बहुतांश आडवी असते आणि ही काच तेवढीच लहर अडवते. मुळशीच्या पाण्याची तिरीप तिच्यातून अशी विझते की पहिल्यांदा घालणारा थक्क होतो. चारचाकीत मी ती बिनदिक्कत सुचवेन. दुचाकीवर तीच तिरीप ही खबर असते. वळणावर सांडलेले डिझेल, पहिल्या पावसानंतरचा ओला पट्टा हे डोळ्याला चमकेवरूनच कळतात, आणि दोन चाकांवरच्या माणसाला ते कळणे भाग आहे. शिवाय नव्या गाड्यांचे काही डिजिटल मीटर पोलराइज्ड काचेतून काळे पडतात आणि वायझरमध्ये साच्यातून आलेल्या ताणाच्या इंद्रधनुषी लाटा दिसू लागतात. रंगाच्या बाबतीत करडी काच सगळे रंग जसेच्या तसे ठेवते, तपकिरी काचेत खड्ड्याची कड आणि मातीचा उंचवटा जास्त उठून दिसतो. आपल्या रस्त्यांवर मी तपकिरीकडे झुकेन.

मग डे-नाईट चष्मा घ्यायचा कुणी? जो उघड्या तोंडाचे हेल्मेट घालतो, ज्याला नंबर आहे आणि ज्याची फिरती दिवसाची आहे, त्याने. गावोगाव फिरणारे पोस्टमन, दूध गोळा करणारे, आशाताई, वायरमन, पशुवैद्यक: दर दहा मिनिटांनी यांना गाडीवरून उतरून सावलीत, घरात, गोठ्यात शिरावे लागते आणि समोरच्याशी बोलताना काळा चष्मा घालून उभे राहणे बरे दिसत नाही. त्यांच्यासाठी या काचेइतकी सोयीची दुसरी काच नाही. बंद हेल्मेट घालणाराही गाडीवरून उतरल्यावर दिवसभर उन्हात काम करत असेल तर त्याचे पैसे वाया जात नाहीत. गाडीवर ती काळी होणार नाही, एवढे धरून चालायचे.

ती घेताना भिंग काचेचे अजिबात नको. चांदीवाली काच उत्तम असली तरी ती काच आहे, आणि पडल्यावर तिचे तुकडे डोळ्यांपासून बोटभर अंतरावर असतात. पॉलिकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्स मागावे. चष्म्याच्या काड्या पातळ आणि सरळ हव्यात, कानामागे फार वळलेल्या नकोत. हेल्मेट चढवल्यावर त्या गालाच्या गादीतून अलगद सरकल्या पाहिजेत. जाड काडी अर्ध्या तासात कानाच्या वर ठणकायला लागते, आणि ठणका असताना माणूस हेल्मेटच काढून आरशाला अडकवतो, जे कायद्यानेही चालत नाही आणि डोक्यालाही परवडत नाही. उघड्या हेल्मेटला फ्रेम थोडी गुंडाळलेली, कडा झाकणारी असावी, कारण भातकापणीच्या दिवसांत भुसा आणि संध्याकाळी चिलटे बाजूनेच आत येतात. मात्र फार वळलेल्या फ्रेममध्ये मोठ्या नंबरचे भिंग बसवले तर कडेचा रस्ता वाकडा दिसतो. नंबर मोठा असेल त्याने फ्रेम सपाट घ्यावी आणि चिलटांसाठी वायझर खाली ओढावा.

या काचेचे आयुष्य तिच्या नंबरच्या आयुष्याइतके असेलच असे नाही. रेणू हजारो वेळा उघडमीट करून थकतात. दोन-तीन वर्षांत काच पूर्वीइतकी गडद होईनाशी होते आणि फिकी असतानाही तिच्यात पिवळसर झाक राहते. बदल इतका हळू होतो की रोज घालणाऱ्याला जाणवत नाही. चष्मा घेतल्या दिवशीच त्याच्या भिंगावर नाण्याएवढा कागद ठेवून उन्हात दोन मिनिटे धरावा, कागद काढून लगेच मोबाईलने फोटो घ्यावा आणि तो जपून ठेवावा. वर्षाने त्याच महिन्यात, त्याच सुमारास, तसाच फोटो काढून दोन्ही शेजारी ठेवले की झाकलेल्या गोलातला आणि भोवतालचा फरक किती उरला आहे ते दिसते. तो अर्ध्यावर आला असेल तर नंबर बदललेला नसला तरी काचा बदलायच्या. फ्रेम तीच ठेवली तरी चालते.